जावईबापू, बटण भिंतीवर आहे

दिनांक ९ फेब्रुवारी २००४, सोमवार. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. चित्रीकरणाचा सातवा प्रयत्न. मित्रांनो, मी एक जुना मीम आहे आणि माझा जन्म वरील क्षणी, एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात झाला. इतक्या घाईने जन्मलेल्याला सांगण्यासारखे आयुष्य ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. परंतु सुईलासुद्धा सांगण्यासारखे पुष्कळ असते. कोणी विचारत नाही, एवढेच.

मीम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आजोबांना ठाऊक नसेल तर त्यांना असे सांगा : भिंतीवर न टांगता हातोहात फिरवले जाणारे एक चित्र, त्याच्या पायाशी एक ओळ, आणि काम एकच, पाठवणाऱ्याचे बोलणे वाचवणे.

मी ज्या विनोदी मालिकेतून निघालो, ती एका घरजावयाची होती. हा घरजावई मोठा हुशार होता. अर्थात, अंगमेहनत टाळण्यापुरता. त्या दिवशीच्या भागात त्याला अंथरुणातून न उठता दिवा बंद करायचा होता. त्यासाठी त्याने पलंगापासून भिंतीपर्यंत दोरी ताणली, दोरीला दोन कप्प्या बसवल्या, दोरीच्या टोकाला बादली टांगली आणि बादली खाली आली की लाटणे वर जाऊन बटणावर आपटेल अशी रचना केली. इतक्यात सासूबाई खोलीत येतात, सगळा पसारा पाहतात, भिंतीपाशी जातात आणि बोटाने बटण दाबतात. प्रसंग एवढाच.

लेखकाने कंसात लिहिले होते, ‘सासूबाई चिडतात.’ सासूबाईंचे काम करणाऱ्या बाई त्याप्रमाणे सहा वेळा चिडल्या. दिग्दर्शक सहाही वेळा मान हलवत राहिले. सातव्या वेळी कॅमेरा सुरू झाला, तेव्हा बाईंची नजर सहज कोपऱ्यात गेली. तेथे सामान सांभाळणारे गृहस्थ एका डुगडुगणाऱ्या स्टुलाशी झुंजत होते. त्यांनी आधी पायाखाली कागदाची घडी घातली, मग बुचाचा तुकडा, मग दोन्ही काढून लाकडाची चीप, आणि आता ते पाणसळ आणवून स्टुलाची पातळी तपासत होते. स्टुलाचा एक पाय गालिच्यावर होता आणि तीन फरशीवर. स्टूल वीतभर सरकवले असते तर काम भागले असते.

बाईंनी ते पाहिले. त्यांची डावी भुवई वर गेली, ओठ मिटले आणि डोळ्यांत असा काही भाव आला, जणू जगातील सर्व जावयांना जेवू घालून त्या नुकत्याच बसल्या होत्या.

“हेच! हेच पाहिजे होतं!” दिग्दर्शक ओरडले.

“अहो, मी अजून सुरुवातच केली नव्हती,” बाई म्हणाल्या.

तो चेहरा म्हणजे मी.

त्यानंतर बरीच वर्षे मी एका फितीवर, अंधाऱ्या कपाटात, मालिकेच्या इतर हजारो चित्रांच्या पाठीला पाठ लावून झोपून होतो. जुन्या मालिका मोबाइलवर दिसू लागल्या, तेव्हा माझे नशीब उघडले, आणि ते उघडले एका दातांच्या दवाखान्यात. तेथील डॉक्टरांनी तीन खुर्च्यांच्या प्रतीक्षागृहासाठी रंगीत टोकनांची पद्धत सुरू केली होती. एके दुपारी गाल सुजलेला एकच रुग्ण निळे टोकन घेऊन बसला होता आणि नियमाप्रमाणे आधी लाल टोकनाची घंटा वाजायला हवी होती. लाल टोकन ड्रॉवरमध्ये होते. स्वागतकक्षातील बाईंनी रुग्णाकडे पाहिले, घंटेकडे पाहिले, आणि डबा खाता खाता मोबाइलवर चाललेली मालिका नेमकी माझ्यावर थांबवली. त्यांनी मला चारी बाजूंनी कातरले, पायाशी लिहिले, ‘जावईबापू, बटण भिंतीवर आहे’, आणि आपल्या बहिणीला पाठवले. मूळ मालिकेत हे वाक्य कोणीच बोललेले नाही. पण आज ते बाईंच्या तोंडून ऐकल्याची शपथ घेणारी माणसे मला भेटली आहेत.

बहिणीने मला पुढे ढकलले, आणि मी नोकरीला लागलो.

मित्रांनो, त्या काळी मला क्षणाची उसंत नव्हती. पाणी पिण्याची आठवण करून देणारे यंत्र विकत घेऊन ते चार्ज करायला विसरणाऱ्या गृहस्थांना मी गेलो. गळक्या नळाविषयी तीन सूचनाफलक लावणाऱ्या आणि वायसर न बदलणाऱ्या सोसायटीच्या सचिवांना मी गेलो. एका कार्यालयात स्टेपलर कोठे आहे हे विचारण्यासाठी सर्व विभागांना ईमेल गेली आणि उत्तरादाखल सर्व विभागांतून मीच परत आलो. एका प्राध्यापकांनी तर मला पडद्यावर भिंतीएवढा दाखवून विद्यार्थ्यांना सांगितले की, यंत्र बनवण्याआधी यंत्राची गरज आहे का ते पाहा. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. तशी ती मला नाही, कारण मला गळ्यापर्यंतच कातरलेले आहे.

परंतु वापराने वस्तू झिजते. प्रत्येक पाठवणीत माझा थोडा थोडा बारकावा गळत गेला. कोणी मला पाठवण्याऐवजी मोबाइलच्या पडद्याचाच फोटो काढून पाठवला, त्यात त्यांच्या मोबाइलची अकरा टक्के उरलेली बॅटरी माझ्या कपाळावर कायमची चिकटली. आजही लोक मला पाहून आधी स्वतःचा चार्जर शोधतात. कोणी माझ्या कोपऱ्यात गुलाबाचे फूल ठेवून ‘सुप्रभात’ लिहिले. माझा उजवा कान धुरकट झाला, भुवई तेवढी शाबूत राहिली. मग नवी पिढी आली, हलणारी, गाणारी, मांजरांची. एका तरुणाने मला पाहून उत्तर लिहिले, ‘काका, हे फार जुनं झालं.’ पाठवणारा सव्वीस वर्षांचा होता. असो.

आता मी ज्यासाठी हे सारे सांगायला बसलो, त्या गोष्टीकडे येतो.

एका चार मजली इमारतीत, जिला लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ पत्नीसह राहतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते नियोजन विभागात होते आणि आता निवृत्त आहेत. आराखडा काढल्याशिवाय ते खिळाही ठोकत नाहीत, म्हणून त्यांच्या भाचीने लहानपणीच त्यांचे नाव आराखडेमामा ठेवले. त्यांच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची थोरली बहीण राहत असे. या ताईंनी आयुष्यभर औषधांचे दुकान चालवले. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर, एवढे सांगून गिऱ्हाइकाला वाटेला लावायची सवय असल्यामुळे त्यांचे बोलणे नेमके आणि कडू असे. गुण मात्र यायचा.

ताईंचे दार वाऱ्याने आपटत असे. एके दिवशी त्या भावाला म्हणाल्या, “अरे, या दाराला काहीतरी लाव बाबा. दुपारी जरा डोळा लागला की धाडकन उठवतं.”

“काहीतरी म्हणजे काय? वारा कुठून येतो?”

“दारातनं.”

“तसं नाही. दिशा? वेग?”

“आता वाऱ्याला बसवून चहा देते आणि विचारते.”

मामांनी तीन रविवार घेतले. वाळूने भरलेला रंगाचा डबा, दोन कप्प्या आणि नायलॉनची दोरी यांच्या साहाय्याने त्यांनी अशी रचना केली की, दार मिटू लागले की डबा वर चढावा आणि त्याच्या वजनाने दार सावकाश टेकावे. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिडी धरून उभ्या होत्या. “अहो, वन्संनी दाराला अडकण मागितली होती,” त्या म्हणाल्या. “पूल नाही.”

एक दुपार दार खरोखर फुलासारखे मिटले. दुसऱ्या दिवशी ताई भाजी घेऊन आल्या, तेव्हा दोरी कप्पीवरून उतरून फटीत अडकली होती आणि दार उघडेना. मामा बँकेत होते. बँकेत फोन बंद ठेवावा, हा त्यांचा स्वतःचाच नियम. ताई पिशवी घेऊन जिन्यात तासभर बसल्या. अखेरीस समोरच्या शिंपीबुवांनी खांद्याने दार ढकलले, दोरी कात्रीने कापली आणि आपली झिजलेली रबरी स्लिपर दाराखाली सरकवली. वारा आला. दार हलले नाही.

ताईंनी त्या दोरखंडाचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली मला टाकले. चुलत, मावस, आते, मामे, सगळी मिळून चाळिसेक माणसे होती. एक सोडून सगळी हसली. त्या एकाच्या नावापुढे थोड्या वेळाने करड्या अक्षरांत उमटले : ‘यांनी ग्रुप सोडला.’

दोन वर्षे भाऊबहीण एकमेकांशी बोलले नाहीत. “थोरली आहे, तिनं यावं,” असे खालच्या मजल्याचे म्हणणे. “धाकटा आहे, त्यानं यावं,” असे वरच्या मजल्याचे. दोघांचाही नियम आपापल्या जागी बिनतोड होता. मामी वर जात; पण जाताना “मी गच्चीत कपडे बघून येते” म्हणत, आणि दोन तासांनी रिकाम्या हाताने परतल्या की मामा विचारत, “कपड्यांची तब्येत बरी आहे ना?”

मित्रांनो, माझ्यासारख्याचा एक फायदा असा की, मला एकाच वेळी दोन ठिकाणी असता येते. मी ताईंच्या मोबाइलमध्ये होतो. मामांनी ग्रुप सोडला, पण मला पुसले नाही. त्या डब्याच्या मापांच्या फोटोंशेजारी त्यांनी मला ठेवले होते आणि अधूनमधून उघडून पाहत. कौतुकाने नाही, हे मला चेहऱ्यावरून कळत असे. त्यामुळे पुढचे सारे मी दोन्ही मजल्यांवरून सांगू शकतो.

गेल्या वर्षी ताईंची मुलगी, म्हणजे मामांना ते नाव देणारी भाची, परदेशातून आली. आईचा रक्तदाब वाढला होता, एकटे राहणे आता धोक्याचे होते. घर विकले गेले. गुरुवारी पहाटेचे विमान ठरले. तिकीट एकाच बाजूचे काढले होते. ताई सत्तरीच्या पुढे गेलेल्या, मामाही मागे नाहीत. आता जे बोलायचे राहील, ते राहीलच, हे दोन्ही मजल्यांना कळत होते.

मंगळवारी मामांनी समेटाचा आराखडा काढला. त्याला जोडून चार पानांचे भाषण लिहिले. बुधवारी सकाळी त्यांनी रंगीत तालीम ठेवली.

“तू ताई हो,” ते मामींना म्हणाले.

“मी वन्सं? मग आधी चहा आणून द्या. हातात कप असल्याशिवाय वन्सं कुणाचं ऐकून घेत नाहीत.”

मामांनी चहा आणला, घसा साफ केला आणि पहिले पान उचलले. “ताई, सदर प्रकरणाची पार्श्वभूमी मी तीन भागांत मांडतो. भाग पहिला, तांत्रिक.”

“वाळलास किती रे,” मामी हुबेहूब ताईंच्या आवाजात म्हणाल्या.

“हे पानावर नाही.”

“नसू दे. त्या हेच म्हणणार.”

मामांनी समासात नोंद केली. “मग मी काय म्हणायचं?”

“काही नाही. बायकोकडे बघायचं. मग त्या मला बोलतील, मी रडवेली होईन, त्या मला जवळ घेतील आणि तुमचा भाग पहिला तसाच हातात राहील.”

“मग भाग दुसरा आधी घेऊ का?”

“अहो, जिना चढा आणि दार वाजवा! माणसं असंच करतात!”

“आणि तिनं उघडलं नाही तर?” मामा म्हणाले. हे मात्र ते पान न पाहता म्हणाले. मामींनी कप खाली ठेवला.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर माळा रिकामा होत होता. भाचीने वाळूचा तो डबा खाली काढला.

“टाक तो भंगारात,” ताई म्हणाल्या.

“आई, याच्या बुडाला हे काय लावलंय?”

ताईंनी चष्मा चढवला. डब्याच्या बुडाला हिरव्या फेल्टच्या, म्हणजे मऊ लोकरी कापडाच्या, चार गोल चकत्या नीट, कडेला कड जुळवून चिकटवलेल्या होत्या. ताईंनी त्यांवरून बोट फिरवले.

“हे तर त्याच्या टेबलाचं,” त्या म्हणाल्या. “नकाशे काढायचं टेबल आहे ना, त्याच्या पायांचं. लादीवर घासतं म्हणून मीच आणून दिलं होतं. हिरवंच होतं.”

“मग ते काढून डब्याला कशाला लावलं?”

ताईंनी डबा तसाच पालथा टेबलावर ठेवला. “डबा खाली टेकला की आवाज होऊ नये म्हणून,” त्या म्हणाल्या. “मी दुपारी झोपते ना. आणि दोन वर्षं त्याचं टेबल खालून खरखरतंय, तर मी म्हणत होते, मुद्दाम ओढतोय मेला, मला ऐकू यावं म्हणून.”

“मग जा की खाली. एक जिना तर आहे.”

“मी? मी थोरली आहे.”

“बरं, हाक मार.”

“जिन्यातून? सगळी बिल्डिंग बाहेर येईल.”

“फोन कर.”

“आणि काय बोलू? तू असं कर,” ताई पुढे सरकल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. “तू खाली जा आणि त्याचा तो टांगायचा वजनकाटा माग. बॅगेला हवाय म्हण. मी सांगितलंय असं म्हणायचं नाही. तो विचारेल, वजन किती असेल? तू म्हणायचं, काही कल्पना नाही. मग त्याला राहवणार नाही. स्वतःच येईल काटा घेऊन. आला की मी सहज स्वयंपाकघरातून बाहेर येईन.”

भाचीने आईकडे पाहिले. त्या क्षणी तिची डावी भुवई जराशी वर गेली, आणि मला अगदी घरच्यासारखे वाटले.

ती खाली गेली. “मामा, तुमचा तो टांगायचा काटा आहे ना? बॅगेला हवाय.”

“कुणी मागितलाय?”

“कुणी नाही. बॅगेनं.”

“अंदाजे वजन किती असेल?”

“काही कल्पना नाही बाई.”

मामांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की, मामींनी लगेच त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. येथवर ताईंचा हिशेब बरोबर होता. पण ताई एक गोष्ट विसरल्या, ती म्हणजे आपला भाऊ. सदोष काटा कोणाला देणे मामांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी काट्याला पाण्याची भरलेली बाटली टांगून पाहिली. काटा केसभर पुढे दाखवत होता. त्यांनी स्क्रू पिळून तो बरोबर केला. मग एका कागदावर बॅगेची आकृती काढून हुक कोठे अडकवावा याचे बाण दाखवले आणि खाली ठळक अक्षरांत सूचना लिहिल्या. त्यांनी शर्ट बदलला. काटा आणि कागद घेऊन ते दारापर्यंत गेले.

तेथे ते थांबले. त्यांनी कागद पुन्हा वाचला. कागदात काहीही उणे नव्हते. वाचता येणाऱ्या कोणत्याही माणसाला या कागदावरून बॅग तोलता आली असती.

“हे घे,” ते भाचीला म्हणाले. “एवढं वाचलं की माझी गरज पडणार नाही.”

वर ताई स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या होत्या. केस नीट केले होते, ओट्यावर दोन कप काढून ठेवले होते. भाची एकटी आत आली.

“तो?”

“नाही आला. हे दिलंय.”

ताईंनी कागद घेतला. “‘काटा डोळ्यांच्या पातळीत धरावा. वाचन घेताना श्वास रोखण्याची आवश्यकता नाही.’ अरे देवा! एवढं तर मी विषाच्या बाटलीवरही लिहिलेलं वाचलं नाही.” मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि एक कप परत फडताळात ठेवला. “म्हणजे यायचंच नव्हतं त्याला.”

खाली मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. “काटाच हवा होता तिला,” ते म्हणाले.

भाची बाहेर येऊन दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात बसली. तिने डोके गुडघ्यांवर टेकवले. खालून टेबल ओढल्याची खरखर आली, वरून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. तिने मोबाइल काढला आणि दोघांचा एक नवा ग्रुप केला. त्याला नाव दिले, ‘दुसरा व तिसरा मजला’. मग तिने मला शोधून काढले आणि एकटक पाहत त्या ग्रुपवर सोडून दिले. सोबत एक अक्षर लिहिले नाही.

मित्रांनो, एवढी लहान पायपीट मी कधी केली नव्हती आणि एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. याच घरात मी एकदा गेलो होतो आणि काय झाले ते तुम्ही ऐकलेच आहे.

वर ताईंनी मला उघडले. कपाळावर आठी आली. मग त्यांनी वर ग्रुपचे नाव वाचले, त्यात लेकीखेरीज भावाचे आणि आपले अशी दोनच नावे पाहिली, हातातल्या सूचनांच्या कागदाकडे पाहिले, ओट्यावरच्या एकट्या कपाकडे पाहिले, आणि त्या हसल्या. ताईंचे हसणे म्हणजे मांडणीवरून भांडी कोसळणे. ते भिंती सोडून बाहेर पडते.

खाली मामांनी नाव-गाव काही पाहिले नाही. त्यांना फक्त मी दिसलो. आणि त्याच क्षणी छतातून ते हसणे ऐकू आले.

“ऐकलंस? परत! परत तेच!” ते ताडकन उठले.

“अहो, पण आधी नीट बघा तरी कुणी पाठवलंय.”

“काय बघायचं? जाताना सुद्धा हसून जाणार! आज विचारतोच तिला!”

आणि आराखडेमामा निघाले. मोबाइल त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबला, म्हणून मला दिसेनासे झाले. पण पावलांचा आवाज विचित्र येत होता, कारण एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्यात मामींची. “मामा, सावकाश,” असे भाची म्हणाली आणि बाजूला झाली. खिशाच्या कापडातून मला त्यांचे काळीज ऐकू येत होते. दार वाजवावे लागले नाही, ते उघडेच होते.

“तुला हसायला दुसरं कुणी मिळत नाही का गं?” मामा उंबऱ्यातूनच गरजले. “दोन वर्षं झाली तरी पोट भरलं नाही तुझं?”

“अरे, तुला नाही!” ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, पण हसणे थांबेना. “आपल्याला! मला पण आलंय ते. हे बघ. तुझ्या पोरीनं, म्हणजे माझ्या पोरीनं, दोघांना मिळून एकच पाठवलंय.”

मामांनी खिशातून मोबाइल काढला. ताईंचा मोबाइल घेतला. दोन्ही शेजारी शेजारी धरले. आयुष्यात प्रथमच मी माझ्या समोरासमोर आलो. कपाळावरची बॅटरी दोन्हीकडे अकरा टक्केच होती.

“दोन्ही सारखेच आहेत,” मामांनी तपासून सांगितले.

“मग! सासूबाई एक आणि जावई दोन!”

मामांचे हसणे आधी नाकातून आले, मग खांद्यांतून, आणि मग त्यांना खुर्ची धरावी लागली. “तो काटा... तू मला बोलवायला मागितला होतास?”

“नाहीतर काय! बॅग तोलायला? बॅग मी डोळ्यांनी तोलते, दुकानदार होते मी.”

हसता हसता मामांची नजर टेबलावर गेली. तेथे डबा पालथा ठेवलेला होता, हिरवी बाजू वर. ते थांबले.

“हे मला तेव्हा का सांगितलं नाहीस?” ताईंनी विचारले. आता त्याही हसत नव्हत्या.

“आराखड्यात होतं. दुसऱ्या पानावर.”

“आराखडा कोण वाचतं रे, गाढवा? तोंडानं सांगायचं. ताई, तुझी झोप मोडू नये म्हणून लावलंय. एवढंच.” त्यांनी भावाची बाही धरून त्याला खाली बसवले. “आणि मी पण चाळीस जणांत ते टाकायला नको होतं. तुझ्या हातात द्यायचं होतं. इथंच, समोर बसवून.”

मामांनी मान हलवली. ताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिले. “आणि ही बायकोची चप्पल कशाला घालून आलायस?”

त्या रात्री मामींनाही वर बोलावणे गेले. गप्पा किती वाजेपर्यंत चालल्या, ते मला सांगता येणार नाही, कारण माझे दोन्ही मोबाइल चार्जिंगला लावले होते. गुरुवारी पहाटे बॅग मामांनीच खाली उतरवली. आता दर रविवारी समुद्रापलीकडून फोन येतो. मामा ‘हॅलो’ म्हणण्याआधी वेळेतील फरकाचे कोष्टक पाहतात आणि ताई त्यावरून त्यांना बोलतात.

मित्रांनो, मला पाठवू नका, असे मी म्हणणार नाही. ती माझी भाकरी आहे. माझी विनंती एवढीच की, मला पाठवताना जरा जपा. चाळीस जणांत पाठवलेला मी टोमणा असतो आणि दोघांत पाठवलेला मी थट्टा असतो. चित्र तेच, भुवई तीच. कोणी साध्या कामाचा मोठा पसारा मांडलेला दिसला तर खुशाल हसा, पण त्याआधी तो पसारा एकदा पालथा करून पाहा. खाली काहीतरी चिकटवलेले असू शकते. आणि तुम्हालाच कोणाशी चार शब्द बोलायचे असतील, तर काटे मागवू नका.

मामांचे ते भाषण खालच्या मजल्यावर टेबलावरच राहिले होते. पाने चार. प्रत्यक्षात वापरलेली वाक्ये : शून्य.